नवव्या मजल्यावरचं कुलूप : ट्रँगल कारखान्याची आग आणि त्यानंतरची चार वर्षं

दार साधंच होतं, आतल्या बाजूला ओढून उघडायचं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन प्लेस रस्त्यावर ॲश बिल्डिंग नावाची दहा मजली इमारत होती. तिच्या नवव्या मजल्यावरून खाली जायला दोन जिने होते, आणि हे दार त्यांतल्या एका जिन्याचं. 25 मार्च 1911, शनिवार, पगाराचा दिवस. सुट्टीची घंटा व्हायला पाच-दहा मिनिटं उरली होती आणि दाराला कुलूप होतं. पुढच्या अर्ध्या तासात ट्रँगल वेस्ट कंपनीच्या 146 कामगारांवर मृत्यूने घाला घातला. त्यांत 123 बायका आणि मुली, 23 पुरुष. सगळ्यांत लहान मुली चौदा वर्षांच्या होत्या.

अमेरिकेतल्या औद्योगिकीकरणावर आणि त्यामागून आलेल्या सुधारणांवर लिहिताना हे प्रकरण बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलं जातं: आग लागली, लोक हळहळले, कायदे झाले. हे वाक्य मला पटत नाही. कामाच्या वेळात कारखान्याची दारं कुलूपबंद ठेवायची नाहीत, असा कायदा न्यूयॉर्क राज्यात आगीच्या आधीपासून होता. म्हणजे कायदा नव्हता म्हणून ही माणसं मेली, असं म्हणता येत नाही. मग नंतर नेमकं बदललं काय? ते समजून घ्यायचं तर त्या दाराचाच माग काढावा लागतो. कुलूप कोणी लावलं, का लावलं, ते काढा असं आधी कोणी सांगितलं होतं, आणि शेवटी ते कोणी काढायला लावलं.

कंपनी बनवायची ती ‘शर्टवेस्ट’, म्हणजे बायकांचा बटणं लावलेला, पुरुषी शर्टाच्या धर्तीचा ब्लाउज. दुकानात, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कचेरीत नोकरीला जाणाऱ्या नव्या बाईचा तो पोशाख होता आणि त्याला प्रचंड मागणी होती. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हे स्वतः रशियातून आलेले ज्यू स्थलांतरित. हातावर पोट घेऊन आले आणि दहा-पंधरा वर्षांत ‘शर्टवेस्टचे राजे’ म्हणून ओळखले जाऊ लागले. शिवणकाम पूर्वी चाळवजा घरांतल्या कोंदट खोल्यांत चालायचं. ते आता उंच, नव्या इमारतींतल्या गाळ्यांत आलं होतं. उजेड जास्त, वीज होती, एका पट्ट्यावर ओळीने शिलाई मशीनं चालायची. आठवा, नववा आणि दहावा असे तीन मजले ट्रँगलकडे होते. एकट्या नवव्यावर 240 मशीनं. त्यांच्यावर बसणाऱ्या बहुतेक मुली पूर्व युरोपातल्या ज्यू किंवा दक्षिण इटलीतल्या, बोटीतून उतरून वर्ष-दोन वर्षं झालेल्या. आठवड्याला 52 तास काम, आणि हातात साधारण 7 ते 12 डॉलर.

इमारत ‘अग्निरोधक’ होती आणि हे खोटं नव्हतं. आगीनंतरही ती जशीच्या तशी उभी राहिली, आजही उभी आहे. जळलं ते आतलं: माणसं, कापड, लाकूड. इमारतीची उंची 135 फूट होती. 150 फुटांच्या वर गेली असती तर जमिनी आणि चौकटी लाकडी चालल्या नसत्या. एवढ्या क्षेत्रफळाला तिसरा जिना हवा होता. मागच्या बाजूची लोखंडी शिडी हाच तिसरा जिना, असं सांगून त्याचा खर्च वाचवला गेला. शिडी उतरायची कुठे, तर चारी बाजूंनी बंद चौकात, तळघराच्या काचेच्या छपरावर. जिने 33 इंच रुंद, दोन माणसं शेजारी-शेजारी धड उतरणार नाहीत. जिन्याचा कठडा दाराला इतका जवळ की दार बाहेर उघडलं तर वाट अडायची, म्हणून दारं आत उघडणारी केली. कायद्यात दारं बाहेर उघडणारी असावीत असं होतं, पण ‘शक्य असेल तिथे’ या शब्दांसकट. त्या तीन शब्दांतून केवढं काय काय सुटून जातं पाहा.

आणि कुलूप? सुट्टीच्या वेळी सगळ्या मुलींनी एकाच दाराने, ग्रीन स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडायचं. तिथे पहारेकरी प्रत्येकीची पर्स उघडून बघायचा. ब्लाउज नाहीतर लेस लपवून नेत नाही ना, ही शंका. दुसरं दार बंद ठेवलं तरच ही झडती शक्य होती. पुढे खटल्यात हॅरिसला विचारलं गेलं, की मालाची चोरी एकूण किती रकमेची होत होती? पंचवीस डॉलरच्या वर जाणार नाही, हे त्याने मान्य केलं. न्यायालयातल्या त्या प्रश्नोत्तराशी मी दर वेळी थांबतो. कुलूप रागाच्या भरात लावलेलं नव्हतं, विसरूनही राहिलेलं नव्हतं. तो रोजचा, शांत डोक्याने केलेला हिशेब होता.

दार उघडं ठेवा, असं सांगणारं कोणी नव्हतं का? होतं. 1909 मध्ये याच कारखान्यातल्या मुली संघटनेत जायला लागल्या, तेव्हा कंपनीने त्यांना बाहेर काढलं. दारासमोर निदर्शनं करणाऱ्या मुलींना भाडोत्री गुंडांनी मारलं आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांनाच. 22 नोव्हेंबर 1909 ला कूपर युनियनच्या सभागृहात मोठी सभा भरली. पुढारी दोन तास सबुरीच्या गोष्टी सांगत होते. तेव्हा क्लारा लेमलिख नावाची तेवीस वर्षांची कामगार व्यासपीठावर चढली आणि यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली की बोलणं पुष्कळ झालं, आता सार्वत्रिक संपाचा ठराव मांडते. दुसऱ्या दिवसापासून हजारो मुली बाहेर पडल्या. इतिहासात याला ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणतात. ऐन हिवाळ्यात तो फेब्रुवारीपर्यंत चालला. बँकर मॉर्गन यांची मुलगी ॲन मॉर्गन हिच्यासारख्या श्रीमंत बायकाही त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. बहुतेक छोट्या कारखान्यांनी करार केले. ट्रँगलने पगार आणि तासांत थोडं दिलं, पण संघटनेला मान्यता दिली नाही. आगीनंतर तिथली एक कामगार मुलगी जे म्हणाली त्याचा आशय असा होता: आमच्या मागण्यांत दोन मागण्या या होत्या, धड शिड्या आणि रस्त्यावर उघडणारी उघडी दारं, मालकांनी आम्हाला हरवलं, दारं मिळाली नाहीत, आणि म्हणून आमच्या मैत्रिणी मेल्या.

म्हणूनच या प्रकरणाची सुरुवात मी 1911 मध्ये धरत नाही, 1909 मध्ये धरतो.

त्या शनिवारी ठिणगी आठव्या मजल्यावर पडली, कटरच्या टेबलाखाली. पातळ सुती कापडाचे थरावर थर, मध्ये तलम कागद, आणि वर तारेला टांगलेले कागदी नमुने. कापून उरलेल्या चिंध्या टेबलाखालच्या लाकडी पेट्यांत टाकायच्या. चिंध्या विकत घेणारा शेवटचा आला होता 15 जानेवारीला. तेव्हा हजार किलोहून जास्त माल निघाला होता, आणि त्यानंतरचे सव्वादोन महिने पेट्या भरतच होत्या. बहुधा कुणाची तरी सिगारेट किंवा काडी. बादल्यांनी पाणी मारलं, पण आग आवरली नाही. भिंतीवरच्या नळीचा व्हॉल्व्ह फिरवला, पाणी आलं नाही. आठव्या मजल्यावरून दहाव्यावर, म्हणजे मालकांच्या कचेरीत, फोन गेला. तिथल्या ऑपरेटरने फोन तसाच टाकला आणि ती पळाली. नवव्या मजल्याचा फोन तिच्याच स्विचबोर्डवरून जोडला जायचा. त्यामुळे आठव्यावरचे बहुतेक सगळे सुटले, दहाव्यावरचे मालकांसह गच्चीवर गेले आणि शेजारच्या इमारतीतून कायद्याच्या विद्यार्थ्यांनी टाकलेल्या शिड्यांवरून पलीकडे पोहोचले. मधल्या मजल्याला खबर दिली ती आगीनेच.

नवव्यावर अडीचशेच्या आसपास माणसं होती. ग्रीन स्ट्रीटच्या जिन्याने काही जणी उतरल्या, मग तो ज्वाळांनी बंद झाला. मागची लोखंडी शिडी वजनाने वाकली आणि तिच्यावरच्या माणसांसकट खाली कोसळली. जोसेफ झिटो आणि गॅस्पर मोर्टिलारो हे दोन लिफ्टमन लिफ्ट वर नेत राहिले, दहा-बारांच्या जागेत दुप्पट माणसं कोंबून. शंभरावर जीव त्या दोघांनी वाचवले. शेवटी लिफ्टच्या टपावर वरून उड्या पडायला लागल्या आणि लिफ्ट हलेना. उरलं वॉशिंग्टन प्लेसचं दार. तिथे मुली एकमेकींवर रेटून उभ्या होत्या, मूठ ओढत होत्या, दारावर आपटत होत्या. दोन आठवड्यांनी राडारोड्यातून त्या दाराचं कुलूप सापडलं. त्याची जीभ बाहेर आलेली होती, लागलेली.

अग्निशमन दल काही मिनिटांतच पोहोचलं. शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होती. इतक्या उंचीवर आमच्या साधनांचा उपयोग नाही, असं दलाचे प्रमुख एडवर्ड क्रोकर आधीपासून सांगत होते. खिडक्यांतून मुली हातात हात घालून तिघी-तिघी उडी मारत होत्या आणि खाली झेलायला धरलेली जाळी फाटत होती. विल्यम शेफर्ड नावाचा वार्ताहर समोरून टेलिफोनवर बातमी सांगत होता. फुटपाथवर पडलेली शरीरं पाहून त्याला आठवलं की याच मुलींनी गेल्या वर्षी संप करून सुरक्षा मागितली होती. ही प्रेतं म्हणजे त्यांना मिळालेलं उत्तर, असं त्याने लिहिलं.

गर्दीत आणखी एक बाई होती. तीस वर्षांची फ्रान्सेस पर्किन्स, कामगारांच्या परिस्थितीसाठी झटणाऱ्या ग्राहकांच्या संघटनेची, न्यूयॉर्कच्या कन्झ्यूमर्स लीगची, चिटणीस. चौकापलीकडे मैत्रिणीकडे चहाला आली होती, बंबांचे आवाज ऐकून धावत आली.

एक तारीख इथे सांगायलाच हवी. आगीच्या आदल्या दिवशी, 24 मार्च 1911 ला, न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने राज्याचा कामगार नुकसानभरपाईचा नवा कायदा घटनाबाह्य ठरवला होता. मालकाची चूक सिद्ध झालेली नसताना त्याच्याकडून भरपाई घेणं म्हणजे योग्य प्रक्रियेविना त्याची मालमत्ता घेणं, असा त्यामागचा विचार. शुक्रवारी हा निकाल आणि शनिवारी आग.

प्रेतं ईस्ट नदीवरच्या 26 व्या रस्त्याच्या धक्क्यावर ओळीने ठेवली. नातेवाईक कंदिलाच्या उजेडात फिरत होते. चेहरे उरले नव्हते तिथे अंगठी, वेणी, रफू केलेला मोजा, बुटाची टाच यांवरून ओळख पटवायची. काहींची ओळख पटलीच नाही. 5 एप्रिलला पावसात त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि लाखाच्या वर माणसं चालली. शेवटच्या सहा जणांची नावं एका संशोधकाने चिकाटीने शोधून काढली, तेव्हा 2011 साल उजाडलं होतं.

त्याआधी 2 एप्रिलला मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये सभा झाली. खाली खुर्च्यांवर प्रतिष्ठित लोक, वर गॅलरीत कामगार. ठराव मवाळ होते आणि गॅलरी खवळली होती. तेव्हा रोझ श्नाइडरमन बोलायला उभी राहिली. ती टोप्या शिवणारी कामगार, संघटनेची कार्यकर्ती, बुटकीशी, आणि आवाज इतका हळू की सभागृहाला कान टवकारावे लागले. इथे स्नेहभावाच्या गोष्टी बोलले तर त्या जळालेल्या देहांशी ती गद्दारी होईल, असं म्हणून तिने सुरुवात केली. माणसांचा जीव इतका स्वस्त आहे आणि मालमत्ता इतकी पवित्र आहे, की एका नोकरीसाठी आम्ही इतक्या जणी असताना जळून मेलो तरी फारसं बिघडत नाही. तुम्ही आम्हाला दानाचे पैसे देता, पण आम्ही रस्त्यावर उतरलो की कायद्याचा हात आमच्यावर पडतो. कामगारांनी स्वतःलाच वाचवायला हवं, असा तिचा शेवट होता. तिच्या रागात मला कुठेही अतिशयोक्ती दिसत नाही.

न्यायालयाने तिचंच म्हणणं खरं केलं. ब्लँक आणि हॅरिसवर सदोष मनुष्यवधाचा खटला डिसेंबर 1911 मध्ये उभा राहिला, एकाच कामगार मुलीच्या, मार्गारेट श्वार्ट्झच्या, मृत्यूबद्दल. तिला दारापाशी शेवटचं पाहणाऱ्या केट ऑल्टरमनची साक्ष झाली. बचावाचे वकील मॅक्स स्टॉयर यांनी तिला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. शब्द जवळपास तेच आले, आणि साक्ष पढवलेली आहे असं ज्यूरीच्या मनात भरलं. न्यायाधीशांनी ज्यूरीला सांगितलं की दार त्या क्षणी बंद होतं, आणि ते मालकांना ठाऊक होतं, असं सिद्ध झालं तरच दोषी धरा. दोन तासांच्या आत ‘निर्दोष’. 1914 मध्ये 23 कुटुंबांचे दिवाणी दावे मिटले, दर जिवामागे 75 डॉलर. मालकांना विम्याचे पैसे मात्र दाखवलेल्या नुकसानापेक्षा सुमारे 60,000 डॉलर जास्त मिळाले.

मग कायदे कुठून आले? आगीनंतर स्थापन झालेल्या सुरक्षा समितीतर्फे पर्किन्स आणि इतर मंडळी राजधानी ऑल्बनीला गेली. राज्यपालांनी थोरामोठ्यांचा एक आयोग नेमावा, अशी त्यांची कल्पना होती. विधानसभेतले बहुमताचे नेते अल स्मिथ यांनी त्यांना वेगळा सल्ला दिला: काम व्हायला हवं असेल तर आयोग विधिमंडळाचाच करा. आमदारांना स्वतःच्या आयोगाचा अभिमान असतो, बाहेरच्यांचा अहवाल ते फडताळात टाकतात. माझ्या मते या प्रकरणातला हा सगळ्यांत महत्त्वाचा क्षण आहे. 30 जून 1911 ला कारखाना चौकशी आयोग झाला. अध्यक्ष सिनेटमधले बहुमताचे नेते रॉबर्ट वॅग्नर, उपाध्यक्ष स्मिथ. दोघेही टॅमनी हॉलचे, म्हणजे न्यूयॉर्क शहरातल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या ज्या यंत्रणेने दीड वर्षापूर्वी संपकरी मुलींवर पोलीस घातले तिचेच. स्थलांतरितांची मतं समाजवाद्यांकडे सरकत होती आणि टॅमनीला ते दिसत होतं. हेतू मिसळलेले होते, हे मान्य करायला हरकत नाही. पण मासळीबाजारात काम करून वर आलेल्या स्मिथला ही माणसं परकी नव्हती, हेही खरं.

पर्किन्सने या पुढाऱ्यांना कागद दाखवण्याऐवजी जागेवर नेलं. एका कारखान्यात ‘आगीत बाहेर पडण्याचा मार्ग’ म्हणून भिंतीत एक लहानसं भोक होतं. त्यातून तिने वॅग्नरना सरपटत बाहेर जायला लावलं. पलीकडे बर्फ जमलेली लोखंडी शिडी, आणि ती जमिनीच्या बारा फूट वरच संपत होती. दोरखंडाच्या कारखान्यात रात्रपाळी करून पहाटे बाहेर पडणाऱ्या बायका तिने स्मिथना दाखवल्या. डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत पाच-सहा-सात वर्षांची मुलं शेंगा सोलत बसलेली आयोगाच्या सदस्यांना दाखवली. पहिल्याच वर्षात आयोगाने 1,836 कारखाने तपासले आणि 222 साक्षी घेतल्या.

त्यातून 1914 पर्यंत तीसहून अधिक कायदे झाले. दारं बाहेर उघडणारी आणि उघडी, उंच कारखान्यांत आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर, आगीचा सराव, चिंध्या रोजच्या रोज हलवणं, जिन्याच्या रुंदीवरून मजल्यावरच्या माणसांची मर्यादा, बायकांना रात्रपाळीची बंदी. पण या यादीपेक्षा मला मोल वाटतं ते मागच्या यंत्रणेचं. प्रत्येक कारखान्याची नोंदणी सक्तीची झाली, कारण आधी कारखाने किती आणि कुठे हेच सरकारला माहीत नसायचं. निरीक्षक वाढले. 1913 मध्ये कामगार खात्यात औद्योगिक मंडळ आलं आणि त्याला तपशीलवार नियम करण्याचा अधिकार मिळाला. ‘शक्य असेल तिथे’ म्हणजे काय, हे मालकाने ठरवायचे दिवस तिथे संपायला लागले. इमारतींचे मालक खर्चाच्या नावाने ओरडत राहिले.

तडजोडीही झाल्या. 1912 मध्ये बायकांसाठी 54 तासांच्या आठवड्याचं विधेयक आलं, तेव्हा डबाबंदवाल्यांना वगळा, ही अट पुढे आली. सगळ्याजणी येत नसतील तर कायदाच नको, ही पर्किन्सच्या संघटनेची भूमिका होती. पर्किन्सने ऐन वेळी स्वतःच्या जबाबदारीवर अट मान्य केली, चार लाख बायकांना आज मिळतंय ते सोडायचं नाही म्हणून. राहिलेल्या बायका पुढच्या फेरीत घेतल्या गेल्या. मला तिचा निर्णय बरोबर वाटतो, पण वगळलेल्या बाईला तो कसा वाटला असेल, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. 1933 मध्ये पर्किन्स अमेरिकेची कामगार मंत्री झाली, मंत्रिमंडळातली पहिली स्त्री. 1935 चा सामाजिक सुरक्षा कायदा, वॅग्नर यांच्या नावाचा संघटना-हक्काचा कायदा आणि 1938 चा किमान वेतनाचा कायदा आले, तेव्हाही शेतमजूर आणि घरकामगार बाहेरच राहिले. त्यांत कृष्णवर्णीय बायका-पुरुषांचा भरणा मोठा होता. ‘न्यू डील’चा, म्हणजे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या काळातल्या या सुधारणांचा, जन्म 25 मार्च 1911 ला झाला, असं पर्किन्स नंतर म्हणायची.

आणि ब्लँक? ऑगस्ट 1913 मध्ये त्याच्या नव्या कारखान्यात निरीक्षक शिरला, तेव्हा कामाच्या वेळात दाराला पुन्हा कुलूप होतं. दंड झाला 20 डॉलर. रक्कम वाचून संताप होतो. पण 1913 मध्ये ते कुलूप पाहायला सरकारी माणूस आत शिरला होता.

ॲश बिल्डिंग आता न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आहे आणि तिच्यात प्रयोगशाळा चालतात. ऑक्टोबर 2023 मध्ये तिच्या भिंतीवर पोलादी पट्ट्यात सगळ्या 146 जणांची नावं लागली. पण त्याच्या कितीतरी आधी, 2004 पासून, दर 25 मार्चला काही लोक शहरभर फिरतात. जी मुलगी जिथे राहायची, त्या घरासमोरच्या फुटपाथवर खडूने तिचं नाव, वय आणि पत्ता लिहितात, आणि खाली लिहितात की ट्रँगलच्या आगीत वारली. पाऊस आला की अक्षरं पुसली जातात. पुढच्या वर्षी ती पुन्हा लिहिली जातात.